उपासातलं अंडं

लसूण काढायला सकाळ बरी. वारा उठायच्या आत जेवढा निघेल तेवढा उपटायचा, मुळांची माती झटकायची आणि पात एका अंगाला करून सरीवर निजवायचा. सिदहोमचं निम्मं वावर उरकलं होतं. एका बाजूला डोंगराचा पिवळा कडा, दुसऱ्या बाजूला नील नदी, आणि मधे धोतराच्या काठाएवढी काळी जमीन. सन्ता गावाची सगळी पोटं त्या काठावर भरत. मोठ्या उपासाचे दिवस होते. दूध, लोणी, अंडी, मांस बंद. भाकरी, वाल, मसूर आणि कोरा चहा यांवर माणसं कामाला जुंपलेली होती. त्यातच वाळवंटातला गरम वारा आज येतो की उद्या, याची धास्ती.

बांधावरच्या बाभळीखाली सिदहोमची बायको रिफ्का बसली होती. जुड्या बांधायचं काम तिनं हट्टानं मागून घेतलं होतं. एक जुडी बांधायची, हात मांडीवर टेकायचे, दम गोळा करायचा, मग दुसरी घ्यायची. ओठांवर जांभळी छटा होती. लांबून कुणाला वाटावं, बाई आत्ता तुती खाऊन आली.

मुकद्दस अबादीर गाढवावरून येताना दिसला तसा सिदहोमनं फावडं खाली ठेवलं. जेरुसलेमची यात्रा करून आल्यापासून गाव अबादीरला मुकद्दस म्हणे. तिथं मनगटावर गोंदवून घेतलेला क्रूस तो बोलताना पुढं धरी. देवळाचा कारभार त्याच्याकडं होता, आणि तो कामाच्या वेळी कुणाच्या वावरात आला की त्याचा अर्थ एकच असे.

"कोन गेलं, काका?" सिदहोमनं विचारलं.

"कोनी गेलं न्हाई. हात धू आधी."

"कशाला?"

"पुढल्या रविवारी बिशप येत्यात. अबूना बिसादाला जाऊन साल उलटलं. गाव बिनबापाचं झालंय. पोरांचे बाप्तिस्मे तटलेत, मयताला मानूस न्हाई. नवा अबूना नेमायचा. घरटी इचारलं मी. एकच नाव निघालं."

"कुनाचं?"

"हात धू म्हनलं न्हवं का तुला?"

सिदहोमनं हात धुतले नाहीत. लसणाच्या वासाचे ते हात त्यानं पाठीमागं घेतले. वर्षभर गावातल्या मयतांना तोच उभा राहिला होता. तो अबूना, म्हणजे पाद्री, नव्हता. देवळात स्तोत्रं म्हणणारा होता, गळा बरा होता, एवढंच. पण पलीकडच्या काठावरचा अबूना महिन्यातून एकदा होडीनं येई, आणि माणसं काही महिना बघून मरत नाहीत. मग लोक सिदहोमला हाक मारत, तो जाई, म्हणायचं ते म्हणे.

"मला जमनार न्हाई, काका."

अबादीरचा चेहरा उजळला. "व्हय, आसंच म्हनायचं आसतं."

"म्हनायचं म्हनून म्हनत न्हाई मी. खरंच न्हाई जमनार."

"खरंच! बघा, खरंच म्हनतुया!" अबादीर गाढवाला सांगावं तसा म्हणाला.

यात अबादीरची चूक म्हणावी तर ती चूक साऱ्या गावाची होती, आणि गावाआधी गावाच्या बापजाद्यांची. तिकडं रीतच तशी. पाद्रीपण मागणारा बाद. मागच्या खेपेला गावच्या न्हाव्याचा भाऊ "मी तयार हाय" म्हणाला, तर लोक अजून त्याच्या दाढीला हसतात. खरा जो असतो तो पळतो, रानात लपतो, रडतो. त्याला दोन्ही दंडांना धरून देवळात आणायचं. जुने महात्मे साखळदंडांनी बांधून गादीवर बसवलेत, हे शेंबड्या पोरालाही पाठ. त्यामुळं 'नाही' या शब्दाला सन्तात जागाच नव्हती. 'नाही' म्हणजे 'हो', आणि दोनदा 'नाही' म्हणजे दुप्पट 'हो'.

सिदहोमची आई हनीना घासाचा भारा डोक्यावरून टाकून धावतच आली. तिनं लांबूनच सगळं ओळखलं होतं.

"अबादीर! माज्या दारात यायची छाती न्हाई म्हनून वावरात आलास व्हय रं? कोल्ह्यावानी?"

"हनीना, देवाचं बोलावनं हाय."

"देवाला दुसरं घर न्हाई घावलं? पाद्री झाला म्हंजी जन्माचा बांधला. पाद्र्याची बायकू मेली तर त्याला दुसरी करता येत न्हाई, ठावं हाय न्हवं तुला? तीन लेकरं हाईत. धाकटी अजून अंगावर पिती. मी ह्या वयात चुलीफुडं बसू का म्हशीखाली? कोन बघंल त्यांच्याकडं?"

बोलून झाल्यावर तिला भान आलं की बाभळीखाली सून बसली आहे. रिफ्कानं हातातली जुडी पुरी केली, गाठ मारली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमच्या भाचीला जुड्या बांधता येत्यात का? न्हाई, आत्ताच इचारून ठिवा."

हनीनानं पदर तोंडाला लावला. भाचीचा विषय तिनं फक्त बहिणीपाशी काढला होता. पण सन्तात भिंतींनासुद्धा बहिणी होत्या.

शहरातल्या डॉक्टरनं सांगून दोन महिने झाले होते. रिफ्काच्या काळजाची झडप गेली आहे. लहानपणी सांधे सुजले तेव्हाच गेली, बाळंतपणांनी उरलीसुरली नेली. शस्त्रक्रिया सोसेल एवढं अंग आता नाही. गहू निघेपर्यंत तग धरेल, कदाचित धरणार नाही, पुढचं देवाला विचारा. त्या दिवसापासून सिदहोमनं देवाला काही विचारलं नव्हतं.

तेच त्यानं अबादीरला सांगितलं. गाढवाचा लगाम धरून, हळू आवाजात.

"काका, मी देवाशी बोलत न्हाई. मयतावर म्हनतो ते तोंड म्हनतं. आत कायबी न्हाई. इहिरीत पवरा टाकावा अन् कोरडा वर यावा, तसं झालंय माजं."

अबादीरच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय बोललास रं! बायबलातल्या याकूबानंबी देवाशी कुस्ती केली व्हती." आणि त्यानं सिदहोमच्या लसूण लागलेल्या हाताचं चुंबन घेतलं.

दोन दिवसांत विहिरीतल्या कोरड्या पोहऱ्याची गोष्ट गावभर झाली. बायका ती सांगताना डोळे पुशीत. सिदहोम पाणवठ्यावर गेला की गडी बाजूला सरकून त्याला वाट देत. तो चिडला की म्हणत, बघा, मान सोसवत नाही त्याला. चिखलात रुतलेल्यानं जितके पाय मारावेत तितकं खाली जावं, तशी गत झाली.

मग त्यानं अंड्याचा उपाय काढला.

उपास असला म्हणून कोंबड्या थांबत नाहीत. घराघरांत सणासाठी अंडी साठत असतात आणि त्यांच्याकडं बघत माणसं मसूर गिळतात. बिशप यायच्या आधीच्या रविवारी सकाळी सिदहोमनं चहाच्या किटलीत एक अंडं उकडलं, खिशात घातलं. पाद्री नसल्यानं देवळात नुसती स्तोत्रं झाली. लोक अंगणात आले. सिदहोम मधल्या बाकावर बसला, अंडं बाकाच्या कडेवर आपटलं, सोललं, जिरं-मीठ लावलं आणि सगळ्या गावासमोर दोन घासांत खाल्लं.

अंगणातल्या एका बाईनं पोराचे डोळे झाकले.

"खाल्लं," सिदहोम तोंड पुसत म्हणाला. "मोठ्या उपासात. देवळाच्या दारात. झाली खात्री? आता बिशपला सांगा, ह्यो मानूस कामाचा न्हाई."

पहिला हुंदका अबादीरनं दिला. तो पुढं आला आणि सिदहोमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागला. "ऐका रं लेकानो! जुन्या काळी एक साधू लोकांनी पाया पडू नये म्हनून भर बाजारात मांस खायचा. वेडा म्हनवून घ्यायचा. म्या ही गोष्ट नुसती ऐकली व्हती. आज डोळ्यानं बघितली!"

एका म्हातारीनं बाकावरची टरफलं गोळा करून रुमालात बांधली.

"कमाल हाय गड्या," न्हावी म्हणाला. "आमी खाल्लं की पाप, अन् ह्यानं खाल्लं की पुण्य!"

दुपारी हनीनानं ही हकिकत घरी सांगितली तेव्हा रिफ्का इतकी हसली की तिचा श्वास अडकला. सिदहोमनं तिला भिंतीला टेकवून बसवलं, पाठ चोळली. बराच वेळ ती नुसती हवा ओढत राहिली. बाहेर वारा उठला होता. दारांच्या फटींतून पिवळी धूळ येत होती, आणि घरातल्या माणसांचे चेहरे पीठ चाळल्यासारखे दिसत होते.

"दोन खायची व्हती," ती शेवटी म्हणाली. "एकात संत झालात. दुसऱ्यात कदाचित सुटला असता."

"रिफ्का, थट्टा पुरे. बिशप तुला इचारनार. बायकूनं हो म्हनल्याबगार कुनाला पाद्री करत न्हाईत. माजं 'न्हाई' कुनी ऐकत न्हाई. तुजं ऐकतील. तू न्हाई म्हन."

"कशापायी? आत्याबाईंच्या भाचीपायी?"

"तोंडात माती पडो माज्या तसं मनात आसलं तर!" तो ओरडला, मग आवाज खाली आणला. "पाद्री केल्यावर चाळीस दिस मठात ठेवत्यात. उपासना शिकायला. घरी येता येत न्हाई, निरोप न्हाई, काय न्हाई. चाळीस दिस, रिफ्का. अन् तू..."

"बोला की. अन् मी काय?"

ती धुळीकडं बघत होती.

"माजी आई गेली त्या दिवशी आसाच वारा व्हता," ती म्हणाली. "तुमी होडीवाल्याच्या पाया पडत व्हता. म्या आईचं डोकं मांडीवर घेऊन दारात बसले व्हते. तिथनं नदी दिसती. पलीकडच्या काठावर अबूना उभा व्हता. त्याची काळी टोपी दिसत व्हती मला. हातात प्रसादाची डबी आसंल. पानी मधी उसळत व्हतं, होडी सुटंना. आई इचारायची, आला का? म्या म्हनायची, आला, दिसतोय. आला, दिसतोय. तशीच गेली. प्रसादाबगार, कोरड्या तोंडानं."

तिनं डोळे मिटले. हो की नाही, ते तिनं सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी बिशपची होडी मोठ्या मुश्किलीनं काठाला लागली. देवळामागं प्रसादाची भाकरी भाजायची खोली होती, तिथं त्यांनी सिदहोमला एकट्याला बोलावलं. खोलीत ताज्या पिठाचा वास होता. बिशप थकलेले दिसत होते, आणि त्यांच्या दाढीत धूळ होती.

"अंडं खाल्लंस म्हणे."

"व्हय, सय्यदना."

"भूक लागली होती?"

सिदहोमनं मान वर केली. इतक्या दिवसांत हे विचारणारा पहिला माणूस भेटला होता. "न्हाई. मला सुटायचं व्हतं. मी देवाशी बोलत न्हाई, सय्यदना. मी सांगतो ते खरं हाय, पर कुनी धरत न्हाई."

"मी धरतो. कधीपासून बोलत नाहीस?"

"डॉक्टरनं हात टेकल्यापासून."

"मग मयतावर कोण म्हणतं?"

"नुसतं तोंड."

बिशपनी काडीनं चुलीतली राख उकरली. "माझ्याकडं मोठ्या मनाची माणसं पुष्कळ आहेत, सिदहोम. वाऱ्यात चालत मयताला जाणारं तोंड नाही. पण तुला ओढून नेणार नाही मी. तुझ्या बायकोला विचारतो. ती नाही म्हणाली तर मी होडीत बसेन. शब्द दिला."

दोन बायांनी रिफ्काला खुर्चीसकट उचलून देवळात आणलं. हनीना तिच्या खुर्चीमागं उभी राहिली. सिदहोमला गड्यांनी आधीच दोन्ही दंडांना धरलं होतं. तो पळत नव्हता, पण धरायची रीत होती.

"लेकी," बिशप म्हणाले, "तुझा नवरा देवाच्या कामाला देतेस? तुझ्या खुशीनं? त्याच्या मागून तुला आणि तुझ्या मागून त्याला, दुसरं लग्न नाही. कळतं ना?"

"कळतं, सय्यदना. एक इचारू?" ती शब्द तोडून बोलत होती. "चाळीस दिसांत एकदा तरी, एका दिसापुरतं, घरी..."

"नाही. हाताला उपासना बसल्याशिवाय त्याला वेदीपाशी एकटं सोडता येत नाही. हवं तर मी परत जातो. वर्षानं येतो."

"वर्सभर मला न्हाई जमायचं," रिफ्का म्हणाली. असं, जणू कुणी लग्नाला बोलावलं होतं.

सिदहोम तिच्याकडं बघत होता आणि ओठांनी, आवाज न करता, एकच शब्द म्हणत होता. न्हाई. न्हाई म्हन.

ती त्याच्याकडं बघूनच बोलली. "मी जाईन तवा मला पलीकडच्या काठावरची टोपी बघायची न्हाई, सय्यदना. ह्या काठावर मानूस पायजे. देते मी. चाळीस दिस कसंबी निभावते."

सिदहोम ओरडला. शब्द नव्हता, नुसता आवाज होता, कापलेल्या जनावरासारखा. त्यानं दंड सोडवायला हिसका दिला, आणखी चार जण धावले. "लायक हाय!" अबादीर गर्जला. "लायक हाय! लायक हाय!" सगळं देऊळ त्याच्यामागं ओरडू लागलं. सिदहोम ढसाढसा रडत होता, आणि गावाला ते कृपेचे अश्रू दिसत होते. बिशपनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नवं नाव दिलं. अबूना याकूब.

मठ नदीपलीकडं, वाळवंटाच्या तोंडाशी होता. एका बहिऱ्या म्हाताऱ्या साधूनं त्याला हात कसा उचलायचा, भाकरी कशी मोडायची, पेला कसा झाकायचा ते शिकवलं. हात शिकले. दाढी वाढली. सण आला, साधूंनी उपास सोडला, त्याच्यापुढं अंडी ठेवली. त्यानं ती बाजूला सारली. गावाकडून ना माणूस, ना शब्द. रोज दिवस मावळताना तो तटावर चढून नील ज्या अंगाला होती तिकडं तोंड करून उभा राही आणि एकच वाक्य म्हणे. "तेवढी थांबव तिला." पुष्कळ दिवस तसं म्हटल्यावर एका संध्याकाळी त्याच्या ध्यानात आलं की हे आपण कुणाला तरी म्हणतो आहोत. भांडण मिटलं नव्हतं. बोलणं तेवढं सुरू झालं होतं.

मुदत भरली त्या दिवशी न्यायला अबादीर आला. नवीन काळा झगा घातलेल्या सिदहोमनं त्याला मठाच्या दारातच धरलं.

"काका, रिफ्का?"

अबादीरनं दोन्ही कानांवर हात ठेवले. नव्या अबूनाचे पाय गावच्या मातीला लागेस्तोवर त्याच्याशी घरचं काही बोलायचं नाही, ही सन्ताची रीत. अबादीरनं आयुष्यात एकही रीत मोडली नव्हती.

"काका, नुसती मान हलवा. हाय का न्हाई?"

"अबूना, मला पापात पाडू नका," अबादीर म्हणाला. आता तो त्याला अहो-जाहो करीत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो रडवेला होता, पण तो नेहमीच रडवेला असे.

होडीत बसल्यावर सिदहोमनं होडीवाल्याकडं बघितलं. होडीवाल्यानं पाण्याकडं बघितलं. वारा पडला होता. पलीकडचा गहू कापून झाला होता आणि खुंटांवर ऊन चमकत होतं. गहू निघेपर्यंत, असं डॉक्टर म्हणाला होता. काठावर सगळा गाव जमलेला दिसू लागला. बायका काळ्या कपड्यांत, पण त्या बारा महिने काळ्यातच, त्यावरून काय ओळखायचं? ओळखायची खूण एकच होती. पाद्री गावात येतो तेव्हा बायका जीभ नाचवून हर्षाची किलकारी देतात. झगरूत म्हणतात तिला. होडी मध्यावर आली की ती सुरू व्हायची. आणि ज्याच्या घरात मयत झालं असेल त्याला मात्र कुणी झगरूत देत नाही.

होडी मध्यावर आली. काठ गप्प होता.

होडी मध्य ओलांडून पुढं गेली. काठ गप्पच. आता माणसं ओळखू येत होती. न्हावी, टरफलं नेणारी म्हातारी, बिशपनी त्याच्यावर सोपवलेली ती सगळी तोंडं, आणि सगळी मिटलेली. पुढं हनीना होती, वाकून उभी. सिदहोमनं होडीची फळी घट्ट धरली, आणि त्याचं तोंड आपोआप मयताचं स्तोत्र म्हणू लागलं. या वेळी नुसतं तोंड म्हणत नव्हतं.

तेवढ्यात काठावरून एक आवाज आला. बारीक, फाटका. वर चढला, मधेच तुटला, पुन्हा चढला, आणि खोकल्यात बुडाला. इतका वाईट झगरूत सन्तात कुणी ऐकला नव्हता.

आणि मग सगळा काठ फुटला. शंभर बायकांच्या जिभा एकदम नाचल्या. नदीवरचे बगळे उडाले.

होडी टेकायची वाट न बघता तो पाण्यात उतरला. झगा कमरेपर्यंत भिजला. हनीना वाकली होती ती सुनेला धरायला. खजुरीच्या खोक्यावर रिफ्का बसली होती, हाडांवर कपडा टाकावा तशी. ओठ काळेनिळे पडले होते.

"काय सांगू तुला!" हनीना रडत, शिव्या देत म्हणाली. "सकाळपासनं साऱ्या बाया अडवून धरल्यात हिनं. म्हनली, पयला झगरूत माजा. मी दिल्याबगार कुनी तोंड उघडायचं न्हाई. अंगात दम न्हाई अन् हौस बघा हिची! होडी मधी आली, हिला श्वासच घावंना. आमी थांबलोय, थांबलोय..."

रिफ्कानं रीतीप्रमाणं त्याचा हात ओठांना लावायला घेतला. त्यानं मागं ओढला, तिनं तो सोडला नाही.

"अबूना," ती म्हणाली, आणि पुढच्या शब्दापर्यंत पोचायला तिला वेळ लागला. "आता तरी... अंडं खाल्लंत का?"

त्यानं मान हलवली. नाही.

तिनं दुसरी मूठ उघडली. उकडलेलं अंडं होतं, सोललेलं, मुठीच्या घामानं ओलसर. तो चिखलात गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी ते घेतलं, मोडलं, आणि निम्मं तिच्या ओठांत ठेवलं. हात चांगले शिकले होते.

पाठीमागं अबादीरनं हुंदका दिला. "बघा रं, बघा! भर काठावर..."

"गप ऱ्हा, मेल्या!" हनीना वळून म्हणाली. "भूक लागलीया त्याला."